घरातल्या विजेची खरखर आणि स्पाईक : प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२३, सातारा

गच्चीवरील टाकी भरली की पंप बंद करणारा नियंत्रक घरीच तयार केलेला आहे. ईएसपी-३२ जातीचा मायक्रोकंट्रोलर, त्याला ५ व्होल्ट पुरवणारे तयार मॉड्यूल, एक रिले (विजेने चालणारा लहान स्विच) आणि त्या रिलेवर चालणारा १ अश्वशक्तीच्या पंपाचा कॉन्टॅक्टर (कॉईलवर चालणारा मोठा स्विच), एवढीच त्यातील सामग्री. टेबलावर हा नियंत्रक निर्वेध चालतो. पंपाच्या बोर्डात बसवला की पंप बंद होण्याच्या क्षणी तो अधूनमधून स्वतःच नव्याने सुरू होतो आणि टाकी भरलेली असताना पंप पुन्हा चालवतो. दुसरी तक्रार याहून जुनी आहे. स्वयंपाकघरातील ट्रान्झिस्टरवर ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे आकाशवाणी केंद्र दिवसा बऱ्यापैकी स्वच्छ लागते, दिवेलागण झाली की मात्र खरखरीत बुडते. रात्री मध्यम लहरींवर दूरच्या केंद्रांची सरमिसळ होते हे खरे. पण मेन स्विच पाडला की सेलवर चालणाऱ्या याच ट्रान्झिस्टरवर बातम्या पुन्हा ऐकू येतात, त्यामुळे निदान या खरखरीपुरता दोष आकाशाकडे जात नाही.

या नोंदींत तीन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवायच्या आहेत, कारण दुकानात आणि वायरमनच्या बोलण्यात त्या एकाच नावाने वावरतात. पहिली खरखर, म्हणजे २३० व्होल्टच्या लाटेवर सतत स्वार असलेले काही मिलिव्होल्ट ते काही व्होल्टचे, हजारो किंवा लाखो हर्ट्झचे कंपन. दुसरा स्पाईक, म्हणजे मायक्रोसेकंदांत येऊन जाणारा, पण शेकडो किंवा हजारो व्होल्टांचा झटका. तिसरी गोष्ट म्हणजे विजेचा दाब (व्होल्टेज) वाढणे, जे सेकंद, मिनिटे, कधी तास टिकते. एकीवरचे औषध दुसरीला लागू पडत नाही आणि तिसरीला तर ते घातकही ठरू शकते.

५ मार्च

मोजमापाची तयारी. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी चिमटी आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला लावणे म्हणजे शॉर्टसर्किट, आणि ते टाळण्यासाठी ऑसिलोस्कोपची अर्थिंगची पिन काढून टाकणे म्हणजे उपकरणाचा धातूचा भाग फेजवर आणून ठेवणे. हे दोन्ही उद्योग लोक करतात, म्हणून आधीच लिहून ठेवले.

खरखरीसाठी एक छोटी पेटी बनवली. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांत ४.७ नॅनोफॅरडचा सुरक्षा दर्जाचा एकेक वाय कपॅसिटर, त्यापुढे फेराईटच्या कड्यावर गुंडाळलेला छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला ५० ओहमचा रोध. ५० हर्ट्झला या दोन कपॅसिटरांचा मिळून अडथळा सुमारे १.३५ मेगाओहम भरतो, तर १ मेगाहर्ट्झला तो ७० ओहमच्याही खाली येतो. त्यामुळे घरगुती लाट जवळजवळ पूर्ण बाहेर राहते आणि पडद्यावर फक्त तिच्यावरची धूळ दिसते. स्पाईक मोजण्यासाठी ही पेटी चालणार नाही; त्याकरिता एका स्नेह्याच्या प्रयोगशाळेतून उच्च दाबाचा डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगशी न जोडता दोन टोकांमधला दाब मोजणारा) उसना आणला आहे.

खरे तर पहिल्या शोधासाठी ट्रान्झिस्टरइतके सोयीचे दुसरे साधन नाही. त्यातील फेराईटच्या कांडीला दिशा कळते: कांडीचे टोक उगमाकडे रोखले की खरखर सर्वांत कमी होते. घराच्या दोन ठिकाणांहून अशी दिशा काढली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे बहुधा गुन्हेगार सापडतो. मात्र भिंतीतील तारा स्वतःच एरियलसारख्या वागतात, म्हणून शेवटचा निवाडा एकेक एमसीबी (बोर्डातला त्या त्या सर्किटचा स्विच) पाडूनच करावा लागतो.

११ मार्च

एमसीबी पाडत गेल्यावर स्वयंपाकघर आणि ओसरी ही दोन सर्किटे सापडली. ओसरीत ९ वॉटचे चार एलईडी बल्ब आहेत. चारही एकाच वेळी घेतलेले नाहीत, आणि त्यांतला एकच गोंगाट करतो.

तो उघडला. आत ब्रिज रेक्टिफायर, एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, एक चिमुकली आयसी आणि एक गुंडाळी आहे. पट्टीवर येणाऱ्या तारेच्या मार्गात दुसऱ्या गुंडाळीसाठी आखलेली जागा आहे, तिच्यावर एल-१ असे छापलेलेही आहे. पण गुंडाळीच्या ठिकाणी तारेचा एक तुकडा झाळून टाकलेला दिसतो. आराखडा काढणाऱ्याने फिल्टर योजला होता आणि खरेदी करणाऱ्याने तो वाचवला, याहून वेगळा अर्थ मला लावता येत नाही. तुलनेसाठी शेजारचा बल्ब उघडला तर त्यात गुंडाळीच नव्हती. सर्व भाग एलईडीच्या ॲल्युमिनिअमच्या तबकडीवरच बसवलेले होते. अशा बल्बांत विद्युतप्रवाह तोडून-जोडून नव्हे, तर सरळ रोखून नियंत्रित केला जातो, त्यामुळे त्यांना उच्च कंप्रतेची खरखर जवळजवळ नसते.

गोंगाटी बल्बाची कंपने पडद्यावर ६६ किलोहर्ट्झच्या आसपास दिसली. ही मूळ कंप्रता ट्रान्झिस्टरच्या पट्ट्यात येतच नाही, पण तिच्या पटी येतात, आणि ६६ ची बारावी पट बरोबर ७९२ आहे. बल्ब तापत जातो तशी कंप्रता सरकते आणि बारावी पट त्याच्या बारापट वेगाने सरकते. म्हणून दिवा लावल्यावर सुरुवातीला फक्त गुणगुण असते, मग ती शिट्टीसारखी केंद्रावरून घसरत जाते. स्वयंपाकघरातला उपद्रव असाच एका मोबाईल चार्जरचा निघाला. त्याच्यावर फार वेळ घालवला नाही, तो बदलला.

१९ मार्च

बैठकीतला पंख्याचा रेग्युलेटर. हा गोल फिरणारा, ट्रायॅकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा आहे. प्रत्येक अर्ध्या लाटेत ट्रायॅक काही वेळ थांबून एकदम चालू होतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा दाब शून्यावरून उडी घेतो. पंखा सर्वांत हळू असताना खरखर सर्वाधिक असेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात ती मधल्या वेगाला सर्वाधिक भरली, आणि तसेच व्हायला हवे, कारण उडी लाटेच्या माथ्यावर, म्हणजे ३२५ व्होल्टच्या आसपास, घेतली जाते तेव्हा ती सर्वांत मोठी असते. पूर्ण वेगाला खरखर जवळपास नाहीशी झाली.

इथे फिल्टर लावत बसण्यापेक्षा पायऱ्यांचा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवणे हाच सोपा मार्ग आहे. तो टक टक करत पायऱ्या बदलताना क्षणभर आवाज देतो, मग गप्प बसतो. पुढे कधी बीएलडीसी (ब्रशविना, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा घेतला तर मात्र भिंतीवरचा रेग्युलेटर सर्किटमधून पूर्ण काढावा लागेल. त्या पंख्याच्या आतील सर्किटला ट्रायॅकची चिरलेली लाट मानवत नाही.

२६ मार्च

उरलेल्या उपकरणांची एका दमात पाहणी.

मिक्सर: युनिव्हर्सल मोटर, कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटरवरच्या ठिणग्या, त्यामुळे साऱ्या पट्ट्यावर सारखाच कर्कश आवाज. आत ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (फेज-न्यूट्रलमध्ये लावण्याच्या सुरक्षा दर्जाचा) कपॅसिटर शाबूत आहे, तरी ब्रश झिजले आहेत. नवे ब्रश घातल्यावर ठिणग्या कमी होतील. सुक्या खोबऱ्याची चटणी वाटण्यापुरते चालणारे यंत्र मी यापलीकडे छळणार नाही.

गीझर: शुद्ध रोध असल्यामुळे चालू असताना पूर्ण शांत. थर्मोस्टॅट तुटताना एक टिचकी, बस्स. घरगुती उपकरणांसाठीच्या सिस्पर १४-१ या मानकातही अशा सुट्या टिचकीची व्याख्या वेगळी केली आहे: २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त न टिकणारी आणि पुढच्या टिचकीपासून निदान तेवढ्याच अंतरावर असलेली. सतत चालणाऱ्या खरखरीपेक्षा तिला सवलत मिळते, आणि कानालाही ते पटते.

माळ्यावरची जुनी ट्यूबलाईट: चोक आणि स्टार्टरची. इथे स्पाईक हा दोष नसून कामच आहे. स्टार्टरची पट्टी सुटली की चोकमधील प्रवाह एकदम तुटतो आणि नळीच्या टोकांवर शेकडो व्होल्टांचा झटका येतो, त्यानेच नळी पेटते. स्टार्टरच्या डबीत काचेच्या कुपीशेजारी जो लहानसा कपॅसिटर असतो तो रेडिओची खरखर कमी करण्यासाठीच असतो. पुष्कळ दुरुस्त्यांत तो तोडून टाकलेला आढळतो. नळी म्हातारी झाली की स्टार्टर पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो आणि प्रत्येक प्रयत्नाला झटका बसतो. लुकलुकणारी नळी तशीच सोडून देऊ नये, ती यासाठी.

२ एप्रिल

आज फक्त पंप. नियंत्रकात नव्याने सुरू होण्याचे कारण नोंदवून ठेवण्याची सोय केली होती. त्या नोंदींवरून दोन वेगवेगळे प्रकार निघाले: कधी मायक्रोकंट्रोलर खरोखर नव्याने सुरू होतो, तर कधी तो सुरूच असतो, पण टाकीतल्या तरंगत्या स्विचचे चुकीचे उत्तर वाचतो.

संशय अर्थातच मोटरवर होता. म्हणून मोटरच्या तारा कॉन्टॅक्टरवरून सोडवल्या आणि नुसता कॉन्टॅक्टर चालू-बंद केला. बिघाड तसाच राहिला. मग कॉन्टॅक्टरची कॉईलही सोडवून तिच्या जागी ४० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावला, आणि बिघाड पूर्ण थांबला. एवढी मोठी मोटर निर्दोष ठरली आणि तिच्यापुढे नगण्य प्रवाह घेणारी मुठीएवढी कॉईल दोषी ठरली.

कॉईलवर डिफरन्शियल प्रोब लावून पाहिलेले चित्र सविस्तर लिहिण्याजोगे आहे. रिलेचे संपर्क विलग होऊ लागतात तेव्हा कॉईलमधील प्रवाहाला जायला वाट उरत नाही, पण कॉईल तो एकाएकी थांबू देत नाही, म्हणून दाब झपाट्याने चढतो. संपर्कांमधील फट अजून केसाएवढीच असते. ती तो दाब सोसू शकत नाही आणि ठिणगी पडते. ठिणगीने दाब कोसळतो, ठिणगी विझते, दाब पुन्हा चढतो. दरम्यान फट थोडी रुंदावलेली असते, म्हणून पुढची ठिणगी आधीपेक्षा जास्त दाबाला पडते. पडद्यावर करवतीच्या दात्यांची एक रांग दिसते, दाते मोठे मोठे होत जातात, शेवटचे हजार व्होल्टच्या पुढे जातात, आणि कॉईलमध्ये साठलेली ऊर्जा संपली की सारे शांत होते. हा सगळा खेळ एका मिलिसेकंदाच्या आसपास आटोपतो. घात चढण्याने होत नाही, कोसळण्याने होतो: प्रत्येक दात्याची मागची कड काही नॅनोसेकंदांत खाली येते आणि इतकी उभी कड शेजारच्या तारेत सहज उडी मारते. उपकरणांच्या चाचणीसाठी आयईसी ६१०००-४-४ या मानकात ५ नॅनोसेकंदांत चढणाऱ्या आणि ५० नॅनोसेकंद टिकणाऱ्या झटक्यांची माळ सोडतात. ती याच घटनेची नक्कल आहे.

बिघाड अधूनमधूनच का होतो याचेही उत्तर यातच मिळते. संपर्क लाटेच्या ज्या क्षणी सुटतात त्यावर कॉईलमधील प्रवाह अवलंबून असतो. तो शून्याजवळ असेल तर दाते उमटतच नाहीत. माथ्याजवळ असेल तर पूर्ण माळ लागते.

९ एप्रिल

उपाय उगमापाशीच केला. कॉईलच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ कपॅसिटर आणि १०० ओहमचा रोध एकापाठोपाठ जोडून लावले. आता संपर्क सुटल्यावर प्रवाहाला ही पर्यायी वाट मिळते, दाब सावकाश डोलतो आणि मावळतो. करवतीचे दाते गेले. डीसी रिलेवर जसा उलटा डायोड लावतात तसा इथे चालत नाही, कारण कॉईल एसीची आहे.

ही जोडी रिलेच्या संपर्कांवर लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. तिथे लावली तर संपर्क उघडे असतानाही ०.१ मायक्रोफॅरडमधून सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह झिरपत राहतो. मोठ्या मोटरला त्याचे काही नाही, पण लहान कॉन्टॅक्टर तेवढ्यावर गुणगुणत किंवा चिकटून राहू शकतो, आणि एलईडी बल्ब तर बटण बंद असूनही मिणमिणत राहतो. म्हणून कॉईलवर.

तरंगत्या स्विचची तार १५ मीटर लांब असून ती पंपाच्या तारेबरोबर एकाच पाईपमधून गच्चीवर नेलेली होती. शिवाय ईएसपी-३२ च्या आतला पुल-अप (पिनचा दाब वर धरून ठेवणारा) रोध साधारण ४५ किलोओहमचा, म्हणजे अगदी अशक्त असतो; इतक्या लांब तारेवर तो कुणालाही दाद देतो. बाहेरून २.२ किलोओहमचा पुल-अप लावला, पिनच्या तोंडाशी १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा लहान फिल्टर दिला, आणि तार वेगळ्या पाईपमधून, दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ घालून, नव्याने ओढली. प्रोग्रॅममध्येही टाकीचे उत्तर सलग दोन सेकंद सारखे आल्याशिवाय ग्राह्य धरायचे नाही असा नियम घातला.

२२ एप्रिल

नियंत्रक अडखळलेला नाही.

घरातले आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेले स्पाईक गार्ड नावाचे एक्स्टेन्शन बोर्ड उघडून पाहिले. एकात लाल दिवा आणि फ्यूज याखेरीज काहीही नाही. दुसऱ्यात फेज आणि न्यूट्रलमध्ये एकच एमओव्ही (दाब ठरावीक पातळीच्या वर गेला की वाहू लागणारी तबकडी) आहे. तिसऱ्यात तीन आहेत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि त्यांना चिकटून उष्णतेने तुटणारा फ्यूजही आहे. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात.

एमओव्ही काय करतो आणि काय करत नाही हे त्याच्या अंगावर छापलेल्या अंकांतच लिहिलेले असते. १४डी४७१ म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाची तबकडी आणि ४७० व्होल्ट; त्या दाबाला तीतून जेमतेम १ मिलिअँपिअर वाहतो. ५० अँपिअरचा झटका आला तर ती दाब ७७५ व्होल्टच्या आसपास रोखते. याचा अर्थ ४७० व्होल्टच्या खालचे सारे तिला दिसतच नाही, आणि ट्रान्झिस्टरला हैराण करणारी एखाद-दोन व्होल्टची खरखर तिच्या गावीही नसते. खरखरीसाठी गुंडाळी आणि कपॅसिटरांचा फिल्टर लागतो. तो बोर्डांपैकी एकातही नाही.

फिल्टर सरसकट सगळीकडे लावत सुटणेही बरोबर नव्हे. त्यांतील वाय कपॅसिटर अर्थिंगकडे थोडा थोडा प्रवाह सोडतात, २.२ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर २३० व्होल्टला सुमारे ०.१६ मिलिअँपिअर सोडतो. घरातली अशी सारी उपकरणे एकत्र आली की ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची (अर्थिंगकडे गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) सहनशक्ती आधीच काही अंशी खर्च झालेली असते, आणि १५ च्या पुढे ती केव्हाही पडू शकते.

७ मे

वळवाच्या आधी मेन बोर्डावर टाईप-२ चा सर्ज प्रोटेक्टर (मोठा झटका अर्थिंगकडे वळवणारे साधन) बसवला. वायरमनने तारा नेहमीच्या सवयीने बोर्डाच्या कडेकडेने, सुबक वळणे देत नेल्या होत्या. त्या सोडवून लहान करायला लावल्या. "साहेब, असं बोर्ड उघडल्यावर बरं दिसत नाही," असे तो म्हणाला, आणि दिसत नाही हे खरेच. पण १ मीटर तारेचे प्रेरकत्व अंदाजे १ मायक्रोहेन्री असते. झटक्याचा प्रवाह मायक्रोसेकंदाला १,००० अँपिअर या वेगाने चढला तर एवढ्या तारेवरच १,००० व्होल्ट उभे राहतात आणि ते प्रोटेक्टरने रोखलेल्या दाबात मिळवले जातात. दोन्ही तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवल्या.

अर्थिंगचा खड्डा कोळसा-मिठाचा, जुना. टेस्टरवर ९ ओहम आले. बादल्या ओतून माती मुरवल्यावर ४ च्या जवळ. उन्हाळ्यात त्यात पाणी घालण्याचे काम बागेच्या वेळापत्रकात टाकले आहे.

१९ मे

संध्याकाळी गल्लीत डीपीवरची न्यूट्रल सैल झाली. आमच्या फेजवर भार कमी असल्यामुळे दाब २८५ व्होल्टपर्यंत चढला, तर समोरच्या ओळीत दिवे मंद झाले. मेन बोर्डातला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर २७० ला लावलेला असल्यामुळे त्याने घराचा पुरवठा तोडला. शेजारी तो नव्हता. त्यांचा एकच एमओव्ही असलेला बोर्ड काळा पडून वितळला. त्यावर १०डी३९१ छापलेले होते, म्हणजे ३९० व्होल्ट. आणि २८५ व्होल्टच्या लाटेचा माथा ४०३ व्होल्टवर जातो. प्रत्येक अर्ध्या लाटेत तबकडी थोडी थोडी वाहत राहिली आणि तापत गेली. मायक्रोसेकंदांसाठी बनवलेल्या वस्तूला मिनिटे सोसायला लावली की हेच होणार. भारतीय मानकात दाबाची मर्यादा २३० च्या वर-खाली १० टक्के असली तरी घरगुती बोर्डात किमान ४७१, शक्य तर ५११ अंकाचाच एमओव्ही, आणि तोही उष्णतेच्या फ्यूजसकट, वापरावा असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

२८ मे

पहिला जोरदार वळीव. गडगडाट सुरू होताच टीव्ही आणि डिशची केबल काढून ठेवली. प्रोटेक्टर विजेच्या तारांवर आहे, छतावरून येणाऱ्या केबलवर नाही. इंटरनेट फायबरने येते, त्यामुळे ती वाट तरी बंद आहे.

२७ जून

घरातली खरखर उतरल्यावर मेन स्विच पाडूनही एक बारीक चरचर शिल्लक असल्याचे मे महिन्यात लक्षात आले होते. ट्रान्झिस्टरची कांडी कोपऱ्यावरच्या खांबाकडे बोट दाखवत होती. यंदा पाऊस लांबला. गेल्या दोन दिवसांच्या संततधारेत ती चरचर पूर्ण थांबली. कोरोनाची, म्हणजे उच्च दाबाच्या तारेभोवतीच्या हवेतून होणाऱ्या गळतीची असती तर ती पावसात वाढली असती. पावसात थांबते ती बहुधा सैल नट, क्लॅम्प किंवा तारेच्या बंधाच्या फटीतली ठिणगी असते. ओलाव्याने फट वाहती होते आणि ठिणगी पडायची थांबते. खांबाला हात न लावता लाईनमनला जागा दाखवली. पाऊस उघडून खांब वाळला की चरचर परत येईल, त्या वेळी त्याला पुन्हा बोलवायचे आणि परमिट (लाईन बंद ठेवून काम करण्याची परवानगी) घेऊन नट आवळून झाल्यावर त्याच जागेवरून ट्रान्झिस्टर लावून तपासायचे, असे ठरले आहे.